उशीर झाला, सावकाश ये

अण्णा, तुम्ही माझ्याशी बोललात ते शेवटचं वाक्य मला मुळीच आवडलं नव्हतं. शनिवारची दुपार होती. मी बंगळूरच्या एचएसआर लेआउटहून येलहंक्याला तुमच्याकडे निघाले होते आणि हेब्बाळच्या पुलावर नेहमीसारखी अडकले होते. मागचा टॅक्सीवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता. तेवढ्यात तुमचा फोन आला. तुमच्या बाजूनं विमान घरघरत गेलं आणि त्या सगळ्या कालव्यात तुम्ही म्हणालात, "मधू, उशीर झाला. सावकाश ये." मी जरा तुटकपणेच म्हणाले, "येतेय हो अण्णा, ट्रॅफिक आहे." तुम्ही हसलात आणि फोन ठेवलात. मी पोचले तेव्हा तुम्ही जीपच्या शेडबाहेर वेताच्या खुर्चीत बसला होतात, चष्मा छातीवर घसरलेला, आणि अक्का, माझ्या सासूबाई, स्वयंपाकघरातून तुम्हाला कॉफी घ्यायला हाका मारत होत्या. त्यांना वाटत होतं तुमचा डोळा लागलाय.

भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणत होता, काय भाग्याचं मरण, कुणाला त्रास नाही की काही नाही. मला त्या प्रत्येकाला शेडमध्ये नेऊन जॅकखाली ठेवावंसं वाटत होतं. आणि तुमचाही राग आला होता. 'उशीर झाला' असं सुनेला फोनवर कळवून निघून जायची ही कुठली रीत? तुम्हाला आतून काही कळलं होतं का? कळलं होतं तर 'लवकर ये' का नाही म्हणालात? उशीर झाला असेल तर माणूस घाई करायला सांगतो, सावकाश यायला नाही. हे मी कुणाजवळही बोलले नाही, निरंजनजवळसुद्धा नाही. तुमचा लेक आधीच गप्प गप्प होता, त्याला हे आणखी कशाला द्यायचं, असं वाटलं.

आपलं नातं समजावून सांगताना माझी नेहमी पंचाईत व्हायची. सासरा आणि सून सुट्टीच्या दिवशी काय करतात, असं ऑफिसात कुणी विचारलं की मी म्हणायचे, आम्ही गाडीखाली झोपतो. मी पुण्याची, इकडे नोकरीला आले, तुमच्या मुलाशी लग्न केलं आणि पहिल्याच भेटीत तुम्ही मला सांगितलंत की तुमचं घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे आलं. सांगण्याचा सूर असा, की सामान अजून पुरतं उघडायचं राहिलंय. तुमचं मराठी ऐकून मी हसायचे आणि माझं ऐकून तुम्ही. "तुझं मराठी इस्त्री केलेलं हाय," म्हणायचात, "आमचं स्वल्प चुरगळलंय, पण अंगाला बसतं."

आणि त्या चुरगळलेल्या मराठीनंच तो घोळ घातला. यंदाच्या उन्हाळ्यात आपण जीप पाण्यातून नेण्यासाठी तयार करायला घेतली तो पहिला दिवस आठवा. अक्कांनी तिचं नाव एम्मे ठेवलं होतं, एम्मे म्हणजे म्हैस, कारण रंग तसा, चाल तशी आणि पाण्यात जायची हौसही तशी. मी मागच्या ॲक्सलपाशी उताणी पडले होते, पाना हातात. तुम्ही बाहेरून सारखे म्हणत होतात, "उसिरु बघ, मधू. उसिरु." मला ऐकू येत होतं 'उशीर'. म्हटलं, यांना एवढी कसली घाई आहे? तुम्ही जितक्यांदा उसिरु म्हणालात तितका मी पाना जोरात फिरवला, आणि ॲक्सलवरची ती पितळी नळकांडी, ब्रीदर म्हणतात तिला, काडकन मोडून अर्धी आतच राहिली. मी तुकडा हातात घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "घाई तुम्हीच केलीत." तुम्ही तुकड्याकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि पोट धरून हसत खाली बसलात. उसिरु म्हणजे कन्नडात श्वास. तुम्ही मला श्वासाकडे लक्ष द्यायला सांगत होतात आणि मी घड्याळाकडे दिलं.

मग तुम्ही मला ते नीट दाखवलंत. सांगितलं नाहीत, दाखवलंत, तुमची पद्धतच ती. आपण एम्मे देवनहळ्ळीपर्यंत पिटाळून आणली, ती चांगली तापली. पुढच्या ॲक्सलला तुम्ही एक लांब पारदर्शक नळी जोडली होती, तिचं दुसरं टोक अक्कांच्या पाण्यानं भरलेल्या चंबूत बुडवलंत आणि तापलेल्या ॲक्सलवर बादलीभर गार पाणी ओतलंत. चंबूतलं पाणी हळूहळू नळीत चढायला लागलं. कुणी स्ट्रॉनं पितंय तसं. "बघ," तुम्ही म्हणालात, "आत तेल हाय, तेलावर हवा हाय. गाडी पळाली की हवा फुगते, बाहेर पडते. गार पाण्यात गेली की आकसते, तेव्हा हा श्वास आत घेतो. नाक पाण्याखाली असलं तर काय घेणार? पाणीच की." म्हणून प्रत्येक ब्रीदरला लांब नळी लावायची आणि तिचं तोंड वर, बॉनेटच्या उंचीला न्यायचं. दोन ॲक्सल, गिअरबॉक्स आणि चारही चाकांना ताकद वाटणारा डबा, या सगळ्यांचा उसिरु वर. नळी कुठे झोळ खाता कामा नये, सायलेन्सरला लागता कामा नये, आणि चाक वरखाली झालं तर ताणलीही जाता कामा नये. तुमच्यासारख्या माणसानं आयुष्यभर कारखान्यात तपासणीखात्यात काम केलेलं असल्यावर त्या नळ्या कशा बांधल्या गेल्या असतील हे काय सांगायचं. एकेक टाय तुम्ही दोनदा कापून पुन्हा बांधलात.

मी मोडलेला मागचा ब्रीदर मात्र राहिला. आत अडकलेला तुकडा काढायचा, आटे शाबूत ठेवायचे, त्या मापाची जोडणी शोधायची. जे. सी. रोडवर, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात, तुम्ही दोनदा जाऊन रिकाम्या हातानं आलात. "सरी बिडु, राहू दे," म्हणालात, "मिळेल." त्यानंतर घरात उसिरुचा विनोदच झाला. मी कधीही उशिरा पोचले की तुम्ही दारातच विचारायचात, "काय मधू, उसिरु झाला का?"

हे सगळं कशासाठी, तर दोड्डक्कांसाठी. अक्कांची ही थोरली बहीण सकलेशपूरच्या पलीकडे कॉफीच्या मळ्यात मुलाबरोबर राहते. वाटेत एक ओढा आहे. माणसांसाठी साकव होता, तो गेल्या पावसाळ्यात वाहून गेला. तेव्हापासून पाणी वाढलं की तरणीताठी माणसं दोर धरून मांडीभर पाण्यातून ये-जा करतात, आणि म्हाताऱ्या बहिणी दोन काठांवर अडकून राहतात. अक्कांचे गुडघे हे असे, दोड्डक्का ऐंशीच्या पुढच्या. गेल्या वर्षी पावसाळाभर त्या दोघी फक्त फोनवर होत्या, तोही दोड्डक्का टेकाडावर चढल्या तर. तेव्हा तुम्ही अक्कांना शब्द दिलात की पुढच्या पावसात तुला पलीकडे नेतो. मी तिथेच होते. अक्का म्हणाल्या, "बघू की," पण त्या दिवसापासून एम्मेवर टाकायला त्या स्वतःहून जुनी चादर देऊ लागल्या.

स्नॉर्केलवरून मात्र आपलं भांडण मिटलं नाही. मला इंजिनासाठी ती बाहेरची उंच नळी हवीच होती, जी फेंडरमधून निघून काचेच्या कडेनं छतापर्यंत जाते आणि वरून हवा घेते. तुमच्या मते ते फॅड होतं. "म्हशीला उंटाची मान कशाला? आपण काय पोहायला चाललोय?" मी म्हणायचे, पाणी दाबलं जात नाही, अण्णा, एक घोट सिलिंडरमध्ये गेला की आतला रॉड वाकलाच, इंजिन तिथल्या तिथे संपलं. तुम्ही म्हणायचात, मांडीभर पाण्यात आताचं नाक पुरेसं वर आहे, आधी उसिरु बघ. मी चिडून ऑनलाइन मागवलंच ते. खोकं आलं, शेडच्या कोपऱ्यात उभं राहिलं आणि तुम्ही त्यावर तुमची टोपी ठेवायला सुरुवात केलीत. मी भांडले तेव्हा म्हणालात, "तू इंजिनासारखी हायस मधू. जे काय ते एका घोटात, मोडलीस तर तिथंच. मी ॲक्सलसारखा. पाणी आत गेलेलं सहा महिन्यांनी कळतं, तेल दुधासारखं झालं की." मी त्यावर काहीतरी टोमणा मारला होता. आता वाटतं, तेव्हाच विचारायला हवं होतं, तुमच्या आत काय गेलंय, अण्णा? जिना चढताना तुम्ही मध्येच थांबून कुंडीतली झाडं न्याहाळायचात. झाडांचं तुम्हाला एवढं प्रेम कधीपासून, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही.

तुम्ही गेलात तेव्हा ओढा भरून चालला होता. दोड्डक्का येऊ शकल्या नाहीत. टेकाडावरून फोन करून त्या रडत होत्या आणि रेंज मध्येच तुटत होती. अक्का इकडे फोन कानाला धरून नुसत्या, "हं, हं," करत होत्या. त्या रडल्या नाहीत. दिवस झाले, माणसं पांगली, तरी रडल्या नाहीत. तुमचे शर्ट घड्या करून ठेवले, तुमची कॉफीची वाटी-लोटा घासून वर ठेवला, आणि कुणी काही विचारलं की एकच म्हणायच्या, "मला दोड्डक्काकडं जायचंय." निरंजन म्हणाला, दसऱ्यानंतर पाणी उतरलं की नेतो. अक्का म्हणाल्या, "दसऱ्याला किती वेळ हाय अजून. तोवर आम्ही दोघी असू हे कुणी सांगितलंय?" एवढं बोलून त्या जेवायला बसल्या आणि अर्ध्या पानावरून उठल्या. ते बघितल्यावर मला कळलं की ही बाई आतल्या आत भरून चाललीय, आणि हिला त्या काठावर पोचवलं नाही तर ही काही खरी नाही.

निरंजन मला बाजूला घेऊन म्हणाला, "मधुरा, बी प्रॅक्टिकल. जीप अर्धवट आहे. अण्णा नाहीत. तू पाण्यातून कधी चालवलेली नाहीस." तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या, म्हणून मला आणखी राग आला. त्याच आठवड्यातल्या शनिवारी मी शेडमध्ये गेले, अक्कांची चादर ओढून काढली आणि मागच्या ॲक्सलखाली शिरले. मोडका तुकडा कसा काढायचा याचाच विचार करत होते. टॉर्च मारला तर तुकडा नव्हता. तिथे नवीकोरी पितळी जोडणी होती, तिला नळी, नळीला क्लिप, आणि ती नळी चासीच्या कडेनं, कुठेही झोळ न खाता, चाकाला हलायला पुरेशी सैल ठेवून, वर गेलेली. टाय दोनदा बांधलेले. मी तशीच पडून राहिले. वरून एक विमान गेलं, शेडचा पत्रा थरथरला.

मग मी बॉनेट उघडलं, नळी वर कुठे आणलीय ते बघायला. चारही तोंडं एका पट्टीवर ओळीनं बसवली होती, प्रत्येकाला छोटी जाळी. आणि शेजारी एअर फिल्टरचा डबा होता. त्याच्या तळाला एक भोक असतं, आत आलेला पाण्याचा थेंब गळून जावा म्हणून. ते भोक तुम्ही रबराचं बूच ठोकून, वरून सीलंट लावून बंद केलं होतं. अण्णा, ते भोक उगाच कुणी बंद करत नाही. ते बंद करतात एकाच कारणासाठी, स्नॉर्केल बसवायचं ठरलं असेल तर, नाहीतर नाक छतावर आणि पाणी तळातून आत. म्हणजे तुम्ही माझं ऐकलं होतंत. कोपऱ्यातल्या खोक्याकडे बघितलं, तर तुमची टोपी त्याच्यावर नव्हती, खुंटीवर होती. मी शेडमध्ये एकटी मोठ्यानं हसले. एवढं भांडून शेवटी हरलात, आणि हरल्याचं सांगायलाही थांबला नाहीत.

अक्का दारात आल्या, कोण हसतंय ते बघायला. मी त्यांना विचारलं, हा मागचा ब्रीदर कधी झाला? त्या म्हणाल्या, "गेले त्याच दिवशी की. सकाळी जे. सी. रोडवरनं ते पितळेचं आणलं. मग तेच करत बसले. झाल्यावर एम्मेला एक चक्कर मारून आणली, मला हाक मारून चंबू मागितला, पाणी ओतलं. नळीत पाणी चढलं. मला म्हणाले, बघ, हा बी श्वास घ्यायला लागला. मग तुला फोन लावला."

"काय म्हणाले फोनवर?"

"काय म्हणणार? उसिरु झाला, सावकाश ये, म्हणाले. तू ऐकलंस की."

मी म्हणाले, "अक्का, मला उशीर ऐकू आलं." त्या पुढे आल्या. मग पायरीवर माझ्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "एवढे दिवस तू हे मनात घेऊन बसलीस? विचारायचं की मला." मी कधी विचारलंच नव्हतं. त्यांनाही सांगण्यासारखं त्यात काही वाटलं नव्हतं. उसिरु झाला. शेवटचं काम झालं, मी मोडलेलं होतं तेच, आता घाई नाही, सावकाश ये. तुम्ही हसलात ते त्या विनोदाला हसलात, अण्णा. तुम्हाला वाटलं, मला कळला.

त्यानंतर निरंजनला मला काही पटवावं लागलं नाही. त्यानं बॉनेटखाली बघितलं, बुचावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "ड्रिल कुठंय?" फेंडरला भोक मीच पाडलं. चांगल्या पत्र्याला स्वतःच्या हातानं भोक पाडणं काय असतं ते पाडल्याशिवाय कळत नाही. निरंजन पत्र्याचा बुरा पुसत होता आणि प्रत्येक वेळी, "शुअर ना?" विचारत होता. मी त्याला चहा करायला पाठवलं. कडांना रंग लावला, नळी बसवली, फिल्टरच्या डब्याशी जोडली, क्लॅम्प आवळले. उंटाची मान म्हशीला लागली. दिसते वाईटच, तुमचं तेवढं बरोबर होतं.

आता परीक्षा. इंजिन चालू ठेवायचं आणि स्नॉर्केलचं तोंड झाकायचं. सगळे सांधे पक्के असतील तर इंजिन गुदमरून बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर समजायचं कुठूनतरी चोरून हवा येतेय, आणि जिथून हवा येते तिथून पाणीही येणार. अक्कांनी त्यांची स्टीलची सपाट ताटली दिली. निरंजन किल्लीपाशी, मी पायरीवर चढून वर ताटली दाबली. इंजिन आरामात चालू. पुन्हा दाबली, तरी चालूच. अक्का जवळ आल्या, कान लावला, कुकर कुठून फुसफुसतो ते त्यांना बाहेरच्या खोलीतून कळतं, आणि एका सांध्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "इथनं सूं करतंय." क्लॅम्प तिरका बसला होता. काढला, सरळ बसवला, आवळला. पुन्हा ताटली. या वेळी ती हातातून ओढली गेल्यासारखी घट्ट बसली, एम्मे एकदा थरथरली, खोकली आणि बंद पडली.

"मोडलीस काय?" अक्का घाबरून म्हणाल्या.

"नाही अक्का, हिनं बंदच पडायला हवं होतं. आता ही फक्त वरून श्वास घेते." आणि हे सांगता सांगता मला रडू फुटलं. तुम्ही गेल्यापासून मी रागावले होते, धावपळ केली होती, पाहुण्यांना जेवायला वाढलं होतं, रडले मात्र तेव्हा, एका बंद पडलेल्या इंजिनापाशी. अक्कांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "रड," म्हणाल्या. "मी दोड्डक्काकडं गेल्यावर रडते."

परवा आम्ही निघालो. ओढ्याशी पोचलो तर पाणी गढूळ, पण वेग उतरलेला. पलीकडच्या काठावर दोड्डक्का छत्री घेऊन उभ्या होत्या, शेजारी त्यांचा मुलगा. त्या काहीतरी ओरडत होत्या, पाण्याच्या आवाजात ऐकू येत नव्हतं. मला त्याच क्षणी गाडी आत घालायची होती. समोर माणूस उभा आहे, मध्ये पंचवीस पावलांचं पाणी आहे, आणि आपण काठावर थांबायचं, हे माझ्या स्वभावाला जमणारं काम नाही. पण तुमचा नियम: घाट उतरून आलेली गाडी लगेच पाण्यात घालायची नाही, ॲक्सलवर तळहात स्वस्थ टेकेपर्यंत थांबायचं. मी हात लावला आणि झटकन मागे घेतला. अक्कांनी फ्लास्क उघडला, मला कॉफी दिली आणि म्हणाल्या, "स्वल्प निल्लु, थांब जरा. त्यांनी सांगितलंय ना?" मग आम्ही दोघी बॉनेटला टेकून कॉफी प्यायलो आणि दोड्डक्कांना हात हलवून दाखवत राहिलो. त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

तुमच्या लेकाला गाडीत मळमळतं, म्हणून तो पायीच पाण्यात उतरला. पँट गुंडाळून, काठीनं तळ चाचपत, दगड कुठे, खड्डा कुठे ते बघत पलीकडे गेला. पाणी त्याच्या मांडीला लागलं. पलीकडून त्यानं मला सरळ यायची दिशा दाखवली. तुम्ही त्याला कधी शेडमध्ये बोलावलं नाहीत, त्यालाही कधी यावंसं वाटलं नाही, पण त्या दिवशी तो तुमच्यासारखाच उभा होता, एक हात कमरेवर.

मी पुन्हा हात टेकवला. टेकला. खालचा गिअर टाकला, काच खाली, पट्टे सोडलेले, आणि आत शिरले. क्लच नाही, गिअर बदलायचा नाही, थांबायचं नाही, बंपरपुढे उठलेल्या लाटेच्या मागोमाग चालत राहायचं. मधोमध पुढच्या चाकाखालचा एक दगड सरकला, एम्मे नाकावर झुकली आणि लाट बॉनेटवर चढून काचेवर आदळली. इंजिनाचं जुनं नाक जिथे होतं तिथे क्षणभर सगळं पाणीच पाणी. अक्कांनी डॅशबोर्डचा दांडा धरला. इंजिनाचा सूर बदलला नाही. वर छतापाशी ती कुरूप मान शांतपणे हवा घेत होती, आणि खाली, आम्हाला न दिसणारे तुमचे चारही उसिरु चालू होते. आपल्या भांडणात दोघेही बरोबर होतो, अण्णा. एकाचं ऐकलं असतं तर अर्धीच पोचली असती.

काठावर चढलो. निरंजननं अक्कांना धरून उतरवलं. दोड्डक्का छत्री टाकून पुढे आल्या आणि रागानंच म्हणाल्या, "किती उशीर केलास गे. तासभर उभी हाय मी. काठावर येऊन काय कॉफी पीत बसता?"

अक्का म्हणाल्या, "उशीर नाही गे. उसिरु. स्वल्प गार होऊ देत होतो." आणि एवढं वाक्य पुरं करून त्यांनी बहिणीच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि रडायला लागल्या. दोड्डक्का त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, आणि ज्या आवाजात लहान मुलांशी बोलतात त्या आवाजात, "सरी, सरी," म्हणत होत्या. आम्ही बाकीचे गाडीतलं सामान उतरवायला लागलो, कारण तिथे आमचं काही काम नव्हतं.

काल रात्री अक्का पोटभर जेवल्या. दोड्डक्कांच्या हातचा भात दोनदा घेतला. झोपताना दोघी बहिणी तुमच्याच गोष्टी काढून हसत होत्या. लग्नात तुम्ही म्हणे हार घालायच्या आधी खुर्चीचा डुगडुगणारा पाय ठीक करत बसला होतात. हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. आणखी बरंच असणार, आता मी त्यांच्याकडून काढून घेईन.

आज सकाळी दव असतानाच मी मागच्या ॲक्सलखाली शिरले. बोल्ट काढला, बोट आत घालून तेल काढलं आणि उजेडात धरलं. काळपट, स्वच्छ, दुधाचा मागमूस नाही. निरंजनला दाखवलं, त्यानं ते उगाचच हुंगून बघितलं. अक्का ओसरीवरून विचारत होत्या, "काय म्हणते एम्मे?" मी म्हणाले, श्वास घेतेय. मग हात पुसले आणि इथे ओसरीवर हे लिहायला बसले, कारण तुम्हाला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. त्या दिवशी फोनवर दिलं ते उत्तर नव्हतं, ती चिडचिड होती.

तुमचा उसिरु छान झालाय, अण्णा. मला अजून बरंच करायचंय, अक्कांना दर पावसाळ्यात इकडे आणायचंय, तुमच्या लेकाला पाना धरायला शिकवायचंय. तुम्ही म्हणालात ना, तसंच करते.

येते, अण्णा. सावकाश येते.